दुरुस्तीचे अंदाजपत्रक : विश्वास ठेवावा तो कशावर?

कनेरगाव नाका (जि. हिंगोली) : मराठवाडा आणि विदर्भ यांच्या सीमेवरील कनेरगाव नाका येथून अकोला-वाशीम-हिंगोली-नांदेड मार्गावरील वाहतूक अखंड सुरू असते. हिंगोलीच्या एमएच ३८ आणि वाशीमच्या एमएच ३७ या दोन्ही क्रमांकांच्या गाड्या येथे सारख्याच दिसतात. रस्त्याकाठच्या अशा गावात पंक्चर काढणारा, बॅटरीवाला आणि जुजबी काम करणारा मिस्त्री मिळतो. परंतु इंजिन, गिअरबॉक्स किंवा इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत मोठा बिघाड झाला की गाडीला टोचन लावून हिंगोली, वाशीम, नांदेड किंवा अकोल्याची वाट धरावी लागते. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून दूरध्वनी येतो आणि पन्नास हजार, ऐंशी हजार, कधी लाखाच्या पुढचा आकडा सांगितला जातो. ‘काम सुरू करू का?’ या प्रश्नाचे उत्तर तेव्हाच्या तेव्हा हवे असते. गाडी दूर असते, परत आणायची तर टोचनाचा खर्च पुन्हा डोक्यावर बसतो आणि शेतमाल, शाळा, दवाखाना अशी घरची कामे खोळंबलेली असतात.

अशा वेळी बहुतेक वाहनधारक दोनपैकी एका टोकाला जातात. काहीजण ‘कंपनीचे लोक आहेत, बरोबरच सांगत असतील’ म्हणून होकार देतात, तर काहीजण ‘शोरूमवाले लुटतात’ म्हणून गाडी उचलून मिळेल त्या गॅरेजमध्ये नेतात. दोन्ही निर्णय आकड्याकडे पाहून घेतलेले असतात. वास्तविक अंदाजपत्रकाची विश्वासार्हता त्यातील रकमेवरून ठरत नाही. बिघाड कोणता, तो कोणत्या तपासणीने सिद्ध झाला आणि सुचविलेला प्रत्येक भाग त्या बिघाडाशी कसा जोडलेला आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली तर मोठी रक्कमही रास्त ठरू शकते. ती मिळाली नाहीत तर लहान रक्कमही संशयास्पद असते.

अंदाजपत्रक फुगते कशाने?

अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या अंदाजपत्रकात साधारणपणे चार घटक असतात : सुटे भाग, मजुरी (लेबर), तेल-ग्रीस-गॅस्केटसारखे खर्ची पडणारे साहित्य आणि वस्तू व सेवा कर. यांपैकी सुट्या भागांचा घटक सर्वांत मोठा असतो. त्याचे एक कारण म्हणजे अधिकृत कार्यशाळांत भाग दुरुस्त करण्याऐवजी संपूर्ण जोडणी, म्हणजे ‘असेंब्ली’ बदलण्याची पद्धत रूढ आहे. लोअर आर्मचे केवळ रबरी बुश झिजले असले तरी अख्खा आर्म बदलला जातो. अल्टरनेटरचे ब्रश किंवा बेअरिंग गेले असले तरी नवा अल्टरनेटर सुचविला जातो. काही भाग कंपनी सुटे पुरवतच नाही, हेही त्याचे कारण असते. केलेल्या कामाची हमी देण्याच्या दृष्टीने कार्यशाळेला ही पद्धत सोयीची असते. त्यामुळे जुन्या मिस्त्रीने दोन हजारांत केले असते ते काम येथे बारा हजारांचे होते, आणि तरीही त्यात फसवणूक असतेच असे नाही.

मजुरीचा हिशेबही प्रत्यक्ष लागलेल्या वेळावर नसतो. कोणत्या कामास किती तास लागावेत याचे कोष्टक कंपनीने ठरवून दिलेले असते आणि त्या तासांना कार्यशाळेच्या दराने गुणले जाते. एकच जागा उघडून दोन भाग बदलायचे असतील तर दोन्हींची पूर्ण मजुरी लावली आहे काय, हे येथे पाहावे लागते. गिअरबॉक्स उतरवल्यानंतर क्लच प्लेट आणि रिलीझ बेअरिंग या दोहोंसाठी गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी दोनदा आकारणे योग्य ठरत नाही.

कराच्या बाबतीत २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सर्व सुट्या भागांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागू आहे. त्यापूर्वी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. जुन्या बिलाशी नव्या अंदाजपत्रकाची तुलना करताना हा फरक ध्यानात घ्यावा. तसेच भागाच्या वेष्टनावर छापलेली कमाल किरकोळ किंमत सर्व करांसह असते. त्या किमतीवर पुन्हा कर लावलेला आढळल्यास खुलासा मागावा.

यापलीकडे व्यवसायाचा एक भाग आहे. नव्या गाडीच्या विक्रीतून वितरकास मिळणारा नफा मर्यादित असतो आणि कार्यशाळा हे उत्पन्नाचे स्थिर साधन असते. त्यामुळे ग्राहकाशी बोलणाऱ्या सर्व्हिस अॅडव्हायझरला अनेक ठिकाणी उलाढालीचे उद्दिष्ट दिलेले असते. इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसीचे निर्जंतुकीकरण, अंडरबॉडी कोटिंग अशा ओळी अंदाजपत्रकात शिरतात त्या बहुधा यामुळे. ही कामे नेहमीच निरुपयोगी असतात असे नव्हे. परंतु गाडीसोबत मिळालेल्या मालकाच्या पुस्तिकेतील देखभालीच्या वेळापत्रकात ती नसतील आणि मूळ तक्रारीशी त्यांचा संबंध नसेल, तर ती नाकारण्यास काहीच हरकत नाही.

२०१४ चा निर्णय आणि त्याने उघड केलेली बाब

सुट्या भागांसाठी ग्राहकाला एकाच दारात का उभे राहावे लागते, या प्रश्नाची देशातील सर्वांत मोठी चौकशी भारतीय स्पर्धा आयोगाने केली. २०११ मध्ये दाखल झालेल्या तक्रारीवरून ही चौकशी सुरू झाली. वाहन कंपन्या सुटे भाग खुल्या बाजारात उपलब्ध करून देत नाहीत, दुरुस्तीची तांत्रिक माहिती व निदानाची उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत, असा आक्षेप होता. आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी दिलेल्या आदेशात १४ वाहन कंपन्यांना दोषी धरले आणि त्यांच्या देशातील सरासरी उलाढालीच्या दोन टक्के या हिशेबाने एकूण अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. त्यात महाराष्ट्रात मुख्यालय असलेल्या टाटा मोटर्स आणि महिंद्र अँड महिंद्र या कंपन्यांसह मारुती, होंडा, टोयोटा, स्कोडा, फोर्ड आदींचा समावेश होता.

आयोगाची मांडणी सामान्य ग्राहकाने समजून घेण्यासारखी आहे. गाडी विकत घेताना ग्राहकापुढे अनेक कंपन्यांचा पर्याय असतो. मात्र एकदा गाडी दारात आली की तिच्या सुट्या भागांपुरती ती कंपनीच एकमेव विक्रेती ठरते. गाडी बदलणे परवडत नसल्याने ग्राहक बांधला जातो आणि भागांच्या किमतीवर स्पर्धेचा अंकुश राहत नाही. म्हणून सुटे भाग व निदानाची उपकरणे स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना उपलब्ध करून द्यावीत, आणि केवळ बाहेर दुरुस्ती केली एवढ्या कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असे निर्देश आयोगाने दिले.

या आदेशाविरुद्ध कंपन्या अपिलात गेल्या. तीन कंपन्यांच्या अपिलांवर डिसेंबर २०१६ मध्ये निकाल देताना स्पर्धा अपील न्यायाधिकरणाने दोषाचे निष्कर्ष कायम ठेवले. मात्र दंडाची आकारणी संपूर्ण उलाढालीऐवजी सुट्या भागांच्या उलाढालीवर करावी, असे ठरवून रक्कम कमी केली. पुढे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’ म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक उपकरणे, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू यांबरोबर वाहने हे त्यातील चौथे क्षेत्र आहे.

परदेशांत ही लढाई आधीच सुरू झाली होती. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने विशिष्ट नाममुद्रेचाच भाग वा सेवा वापरण्याची सक्ती वॉरंटीशी जोडण्यास मनाई केली, तर युरोपीय संघाने २००२ च्या नियमावलीद्वारे स्वतंत्र कार्यशाळांना तांत्रिक माहिती मिळण्याची तरतूद केली. आपल्याकडे मात्र हक्क कागदावर येणे आणि हिंगोलीतील गॅरेजवाल्याच्या हाती अद्ययावत स्कॅनर व अस्सल भाग येणे यांत अद्याप बरेच अंतर आहे. म्हणूनच अंदाजपत्रक स्वतः वाचता येणे ग्राहकासाठी महत्त्वाचे ठरते.

बिघाड आणि पुरावा

डॉक्टरने शस्त्रक्रिया सुचवली तर रुग्ण अहवाल मागतो. गाडीच्या बाबतीतही तेच करावे. प्रत्येक मोठ्या कामामागे एक मोजता येणारी तपासणी असते. तिचा निष्कर्ष आकड्यात किंवा छायाचित्रात मागता येतो.

इंजिनचा दिवा : डॅशबोर्डवर दिवा लागल्यानंतर स्कॅनरमध्ये एक संकेतांक येतो. हा संकेतांक कोणती यंत्रणा अपेक्षेप्रमाणे चालत नाही एवढेच सांगतो. कोणता भाग बदलावा हे सांगत नाही. उदाहरणार्थ, पी ०४२० हा संकेतांक कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी झाल्याचे दर्शवितो. मात्र ऑक्सिजन सेन्सरमधील दोष किंवा सायलेन्सरच्या नळीतील गळतीमुळेही तो येऊ शकतो. कन्व्हर्टर अत्यंत महाग असल्याने आधी या दोन शक्यता तपासल्या काय, हे विचारावे. संकेतांक लिहून घ्यावा किंवा त्याची प्रत मागावी. दुसरे मत घेताना तोच सर्वांत उपयोगी पडतो.

इंजिन तापणे : ‘हेड गॅस्केट गेले, इंजिन उघडावे लागेल’ हे वाक्य मोठ्या खर्चाची नांदी असते. परंतु थर्मोस्टॅट अडकणे, रेडिएटरचा पंखा किंवा त्याचा रिले बंद पडणे, वॉटर पंप वा होज पाइप गळणे, रेडिएटरचे झाकण सैल होणे ही त्याहून स्वस्त कारणे आहेत. शीतकरण यंत्रणेची दाब तपासणी आणि सिलिंडरची कॉम्प्रेशन तपासणी केल्याशिवाय इंजिन उघडण्यास संमती देऊ नये. हेड उघडल्यावर ते वाकले आहे काय हे सरळपट्टी व फीलर गेजने मोजले जाते. ते माप मागावे. मात्र गाडी तापल्यानंतरही ती तशीच दामटली असेल, तर हेड वाकण्याची शक्यता खरी असते.

क्लच : इंजिनचा आवाज चढतो पण गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही, चढावर जळका वास येतो, ही क्लच घसरत असल्याची लक्षणे होत. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीझ बेअरिंग हे तिन्ही एकत्र बदलण्याचा सल्ला येथे सहसा योग्य असतो, कारण गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरीच मोठी असते आणि ती पुन्हा करण्यात शहाणपण नाही. अनेक डिझेल गाड्यांत असणारे ड्युअल मास फ्लायव्हील सुचविले असेल, तर त्यातील खेळ मोजून किती आला, हे विचारावे.

डिझेल इंजेक्टर व टर्बो : चारही इंजेक्टर बदलण्याचे अंदाजपत्रक लाखाच्या घरात जाऊ शकते. प्रत्येक इंजेक्टरमधून परत जाणाऱ्या डिझेलचे प्रमाण मोजून नेमका कोणता दोषी आहे हे ठरवता येते. डिझेल पंप व इंजेक्टरची कामे करणारी स्वतंत्र केंद्रे मोठ्या शहरांत आहेत. तेथे इंजेक्टर यंत्रावर लावून तपासले जातात आणि काही प्रकारचे इंजेक्टर दुरुस्तही होतात. टर्बोबाबत शाफ्टमध्ये किती हालचाल आहे आणि तेल गळते काय, हे पाहावे. गाडीला ओढ नसण्याचे कारण कधी कधी केवळ फाटलेला हवेचा होज पाइप असतो.

ब्रेक व सस्पेन्शन : ब्रेक पॅडची जाडी मिलिमीटरमध्ये सांगता येते. डिस्कची किमान जाडी अनेकदा डिस्कवरच कोरलेली असते. प्रत्यक्ष जाडी मोजून तुलना करावी. लोअर आर्म, बॉल जॉइंट, हब बेअरिंग यांतील खेळ गाडी लिफ्टवर चढवून मालकाच्या डोळ्यांसमोर दाखवता येतो. शॉकअॅब्सॉर्बरमधून तेल पाझरल्याची खूण दिसते.

बॅटरी, अल्टरनेटर, एसी : इंजिन बंद असताना चांगल्या स्थितीतील बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन सुरू असताना हा आकडा साधारण १३.५ ते १४.५ व्होल्टपर्यंत जायला हवा. तसे होत असेल तर अल्टरनेटर बदलण्याच्या सल्ल्याचे कारण विचारावे. एसीचा कॉम्प्रेसर सुरू होत नसेल तर तो निकामी झालाच असे नव्हे. गॅस कमी झाल्यावरही सुरक्षेसाठी तो आपोआप बंद राहतो. गळती शोधल्याशिवाय कॉम्प्रेसर बदलणे हे महागडे अनुमान ठरते.

या तपासण्यांसाठी कार्यशाळा काही रक्कम आकारू शकते आणि ती देणे वावगे नाही. निदानासाठी दिलेले हजार-दोन हजार रुपये चुकीचा भाग बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतात.

आज करावे असे, आणि थांबता येईल असे

अंदाजपत्रक हाती आल्यावर त्यातील कामांची तीन भागांत विभागणी करून देण्याची लेखी विनंती करावी : सुरक्षेसाठी तत्काळ आवश्यक, काही महिन्यांत करावे असे आणि ऐच्छिक. ब्रेक, स्टिअरिंग, झिजलेले टायर, इंधनगळती, एअरबॅगचा दिवा, इंजिन तापणे आणि ऑइलच्या दाबाचा लाल दिवा यांबाबत चालढकल करू नये. महामार्गावर मालमोटारींच्या सोबतीने रात्री प्रवास करणाऱ्यांसाठी हा पैशाचा प्रश्न राहत नाही. उलट किरकोळ ऑइल पाझरणे, बुशचा आवाज, एसीची मंद थंडी ही कामे सहसा थांबू शकतात. सल्लागार प्रत्येक ओळ ‘तत्काळ’ या सदरातच टाकत असेल, तर दुसरे मत घेण्याची वेळ झाली असे समजावे.

दुसरे मत कोठे घ्यावे?

गाडी हलवण्यापूर्वी तीन गोष्टी दूरध्वनीवरच करता येतात. पहिली, त्याच कंपनीच्या दुसऱ्या शहरातील सर्व्हिस सेंटरला गाडीचे मॉडेल, वर्ष आणि कामाचे नाव सांगून दर विचारणे. कनेरगाव नाक्यासारख्या ठिकाणी ही सोय विशेष आहे, कारण एकीकडे वाशीम-अकोला आणि दुसरीकडे हिंगोली-नांदेड अशा दोन्ही दिशा खुल्या आहेत. दुसरी, भागाचा क्रमांक घेऊन सुट्या भागांच्या विक्रेत्याकडे त्याची किंमत विचारणे. तिसरी, माहितीतील मिस्त्रीला संकेतांक व तपासणीचे आकडे वाचून दाखवणे. अनुभवी मिस्त्री गाडी न पाहताही ‘हे आधी तपासले का?’ असा नेमका प्रश्न सुचवू शकतो.

स्वतंत्र गॅरेज निवडताना कामाचे स्वरूप पाहावे. क्लच, ब्रेक, सस्पेन्शन, रेडिएटर, वॉटर पंप यांसारखी यांत्रिक कामे चांगला मिस्त्री उत्तम करतो आणि खर्चही बराच वाचतो. परंतु एअरबॅग, एबीएस, स्वयंचलित गिअरबॉक्स, किल्लीचे कोडिंग, १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांतील धूरनियंत्रण यंत्रणा, तसेच हायब्रिड व विजेवरील गाड्यांतील उच्च दाबाची बॅटरी यांसाठी योग्य उपकरणे आणि प्रशिक्षण नसलेल्या ठिकाणी गाडी देणे धोक्याचे आहे. स्वस्त दराच्या मोहात बनावट भाग बसवून घेणे हा दुसरा धोका होय. ब्रेक पॅड, टायमिंग बेल्ट, ऑइल फिल्टर अशा वस्तू बिलासह आणि सीलबंद वेष्टनातच घ्याव्यात.

दोन अंदाजपत्रकांची तुलना करताना एकूण रकमा समोरासमोर ठेवू नयेत. एकात अस्सल भाग व सहा महिन्यांची हमी असेल आणि दुसऱ्यात बिलच मिळणार नसेल, तर ती तुलना होत नाही. निदान एकच आहे काय, हे प्रथम पाहावे. दोन ठिकाणी दोन वेगळे बिघाड सांगितले गेले तर दर विसरून आधी निदान पक्के करावे.

वॉरंटी, रिकॉल आणि विमा

पैसे देण्यापूर्वी हा खर्च दुसऱ्या कोणाचा तर नाही ना, हे तपासावे. मूळ वॉरंटी, विकत घेतलेली वाढीव वॉरंटी, बॅटरी व टायरची त्यांच्या उत्पादकांनी दिलेली स्वतंत्र वॉरंटी यांची कागदपत्रे पाहावीत. अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर चेसिस क्रमांक टाकून त्या गाडीसाठी रिकॉल जाहीर झाला आहे काय, हे कळते. रिकॉलमधील दोष कंपनी विनामूल्य दूर करते. वाहन उद्योगाने २०१२ मध्ये ऐच्छिक रिकॉलचे धोरण स्वीकारले होते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने शासनाला सक्तीने रिकॉल करवण्याचा अधिकार मिळाला आणि त्याची अंमलबजावणी १ एप्रिल २०२१ पासून सुरू झाली.

अपघात किंवा पुराच्या पाण्याने झालेले नुकसान विम्यात बसू शकते. मात्र सर्वेक्षकाने पाहण्याआधी गाडी उघडू देऊ नये. सर्वसाधारण पॉलिसीत रबर, प्लॅस्टिक, टायर-ट्यूब व बॅटरी यांवर ५० टक्के आणि फायबरच्या भागांवर ३० टक्के घसारा वजा होतो, काचेवर होत नाही. धातूच्या भागांवर तो गाडीच्या वयानुसार वाढत जातो. ‘झिरो डेप’ पुरवणी घेतली असल्यास बराच भार कमी होतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमाघोषित किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला तर गाडी संपूर्ण नुकसानीत धरली जाते. पाण्यात बंद पडलेली गाडी सुरू करण्याचा प्रयत्न मात्र कदापि करू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरून कनेक्टिंग रॉड वाकतो आणि असे नुकसान साध्या पॉलिसीत अनेकदा नाकारले जाते.

विमा वा वॉरंटी नसेल आणि गाडी दहा-बारा वर्षांची असेल, तर आणखी एक हिशेब करावा. दुरुस्तीनंतर गाडी किती रुपयांना विकली जाईल आणि दुरुस्तीविना किती मिळतील, या दोन रकमांतील फरकापेक्षा खर्च मोठा असेल तर दुरुस्ती केवळ पुढील वापरासाठी होत आहे, हे समजून निर्णय घ्यावा. आणखी तीन वर्षे गाडी खात्रीने चालणार असेल तर तोही निर्णय चुकीचा नसतो.

संमती लेखी, नकारही लेखी

जॉबकार्डवर ग्राहकाची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहिली जावी. ‘जनरल चेकअप’ असे मोघम लिहिलेल्या कार्डावर सही करू नये. कामाला संमती देताना रकमेची मर्यादा घालावी आणि त्यापुढील कोणतेही काम विचारल्याशिवाय करू नये, असे लघुसंदेश वा ईमेलने कळवावे. काढलेले जुने भाग परत हवेत, हे काम सुरू होण्यापूर्वीच सांगावे. वॉरंटीत बदललेले भाग सहसा कंपनीकडे परत जातात, परंतु पैसे मोजून बदललेल्या भागांबाबत ही मागणी रास्त आहे. नाकारलेली कामेही कार्डावर तशीच नोंदवून घ्यावीत.

बिलावरून वाद झाल्यास गाडी जबरदस्तीने नेण्याचा प्रयत्न करू नये. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार वस्तूवर श्रम व कौशल्य खर्च करणाऱ्याला त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ताब्यात ठेवण्याचा अधिकार आहे. अशा वेळी ‘आक्षेप कायम ठेवून रक्कम अदा करीत आहे’ असे लिहून पैसे भरावेत, पक्के बिल घ्यावे, गाडी ताब्यात घ्यावी आणि मग तक्रार करावी.

तक्रार आता आपल्याच जिल्ह्यात

ग्राहक चळवळीची महाराष्ट्रातील परंपरा जुनी आहे. ग्राहक पंचायतीचे काम बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात सुरू केले आणि १९८६ मध्ये देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. त्या कायद्यानुसार तक्रार साधारणतः दुकानदाराच्या किंवा घटनेच्या ठिकाणी करावी लागे. कनेरगाव नाक्याच्या रहिवाशाची गाडी अकोल्यात बिघडवली गेली तर खेपा अकोल्याच्या, असा तो प्रकार होता. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या कायद्याने हे चित्र पालटले. ग्राहक आता स्वतः राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करू शकतो. त्यामुळे कार्यशाळा वाशीम, अकोला वा नांदेडला असली तरी दाद हिंगोलीत मागता येते.

जिल्हा आयोगाकडे ५० लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याची प्रकरणे चालतात. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे ही कायद्याने सेवेतील त्रुटी आहे, तर बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा या कायद्यात येत नाही. मात्र स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः गाडी चालवणाऱ्या जीप-टॅक्सीचालकाला हे संरक्षण मिळते. त्याआधीची पायरी म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. आयोगाकडे ऑनलाइन तक्रारीसाठी सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘ई-दाखिल’ची जागा २०२५ पासून ‘ई-जागृती’ या प्रणालीने घेतली आहे.

तक्रार कोणाविरुद्ध करायची, हेही विचारपूर्वक ठरवावे. नवी म्हणून जुनी, वापरलेली गाडी दिल्याच्या गोव्यातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये वितरकाची जबाबदारी मान्य केली. परंतु कंपनी व वितरक यांचे व्यवहार स्वतंत्र असल्याने आणि कंपनीला त्या दोषाची माहिती असल्याचे सिद्ध न झाल्याने कंपनीला दोषमुक्त केले. कार्यशाळेच्या चुकीसाठी दरवेळी कंपनी जबाबदार ठरेलच असे नाही, हा त्याचा अर्थ. वितरकाला मुख्य प्रतिपक्ष करणे म्हणून आवश्यक असते.

आयोगापुढे ‘बिल फार आले’ एवढे म्हणणे पुरत नाही. नको असलेले काम केले, सांगितलेला भाग बदललाच नाही किंवा निदान चुकले, हे दाखवावे लागते आणि ते दाखवण्याची जबाबदारी प्रामुख्याने तक्रारदारावर असते. दुसऱ्या तज्ज्ञाचा लेखी अभिप्राय त्यासाठी मोलाचा ठरतो.

ही कागदपत्रे जपून ठेवावीत

जॉबकार्डची प्रत, ओळवार अंदाजपत्रक, भागांच्या क्रमांकांसह, स्कॅनरचा अहवाल व तपासणीचे आकडे, गाडी देताना व घेताना किलोमीटरची नोंद आणि छायाचित्रे, संमती व नकाराचे संदेश, पक्के करबिल व रक्कम भरल्याची पावती, काढलेले जुने भाग, दुसऱ्या कार्यशाळेचा अभिप्राय. ज्या कार्यशाळेत यांपैकी बहुतेक गोष्टी न मागता मिळतात, तिचे अंदाजपत्रक महाग असले तरी विश्वासास पात्र असण्याची शक्यता मोठी असते. जेथे त्या मागूनही मिळत नाहीत, तेथे टोचनाचा खर्च पुन्हा सोसून गाडी बाहेर काढणे अखेरीस स्वस्त पडते.